२४ इंची टू-स्टेज स्नोब्लोअर: नोव्हेंबरच्या ओल्या बर्फात वापरून मग लिहितेय

आम्ही अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या बफेलोच्या दक्षिणेला ऑर्चर्ड पार्कमध्ये राहतो, म्हणजे लेक इरीवरून येणारा बर्फ जिथं अक्षरशः ओतला जातो त्या पट्ट्यात. बर्फ काढायचं हे मशीन २०२२ च्या ऑक्टोबर अखेरीस घेतलं, तीन हिवाळे वापरून झालेत, चौथा तोंडावर आलाय. इकडं नवीन आलेलं कुणी ना कुणी दर वर्षी गणपतीच्या कार्यक्रमात विचारतंच की ताई कुठलं स्नोब्लोअर घेऊ, आणि मी प्लेट हातात धरून तेच तेच सांगत बसते, म्हणून एकदाचं सगळं लिहून टाकते. ब्रँडचं नाव घालत नाहीये, कारण या साइजची टू-स्टेज मशीनं आतून बरीचशी सारखीच असतात. मला सांगायचंय ते एवढंच की मशीन घेताना जानेवारीचा भुसभुशीत बर्फ डोळ्यापुढं ठेवू नका, नोव्हेंबरचा ठेवा. नोव्हेंबरच्या बर्फात जे टिकतं ते पुढं सगळीकडं चालतं, उलटं मात्र होत नाही.

आधी मशीनबद्दल थोडक्यात. रुंदी २४ इंच, पुढच्या तोंडाची उंची २१ इंच, पेट्रोलचं २०८ सीसी इंजिन, वजन शंभर किलोच्या आसपास, चाकं इंजिनवर फिरतात त्यामुळं ढकलावं लागत नाही. साधारण अकराशे डॉलरला पडलं. टू-स्टेज म्हणजे काय तर पुढं दातेरी लोखंडी ऑगर असतो तो बर्फ फोडून मध्ये ओढतो, आणि मागं इम्पेलर म्हणून पंखा असतो तो त्याला चूटमधून, म्हणजे वरच्या फिरवता येणाऱ्या नळीतून, लांब फेकतो. सिंगल-स्टेजमध्ये दोन्ही कामं एकच रबरी पट्ट्यांचा रोलर करतो, हलका असतो, स्वस्त असतो, कमी जागेत मावतो, आणि सहा-आठ इंच कोरड्या बर्फाला उत्तम. आमच्याकडं आधी तेच होतं, इलेक्ट्रिक, वायरवालं. पहिल्या वर्षी जानेवारीत इतकं छान चाललं की मला वाटलं झालं काम, आता दहा वर्षं बघायला नको.

शेजारी एक रिटायर्ड आजोबा आहेत, माझी मुलं त्यांना ग्रँडपाच म्हणतात. त्यांनी आमचं ते छोटं मशीन बघून मान हलवली आणि २००६ ची गोष्ट सांगितली. १२-१३ ऑक्टोबरला, म्हणजे झाडांची पानं अजून गळली पण नव्हती तेव्हा, बफेलो एअरपोर्टवर २२.६ इंच बर्फ पडला. पानांवर ओला बर्फ साठून झाडं कडाकड मोडली आणि लाखो लोकांची वीज गेली. ते म्हणाले की तो बर्फ फावड्यावर घेतला की फावडं उचलत नव्हतं. मग २०१४ चा नोव्हेंबर, त्यात शहराच्या दक्षिणेला पाच फुटांच्या वर आणि उत्तरेच्या भागात जेमतेम काही इंच. मी वाईची, त्यामुळं हे मला पटकन समजलं. महाबळेश्वराला धो धो कोसळत असतो आणि खाली वाईत अंगणात कपडे वाळत घातलेले असतात, तसंच. फक्त तिकडं ढग अडवायला डोंगर आहे आणि इकडं सगळा खेळ वाऱ्याच्या दिशेवर, पट्टा काही मैल रुंदीचा, तो ज्याच्या डोक्यावर थांबला त्याचं नशीब.

हे सुरुवातीच्या थंडीतच का होतं तेही सांगते, कारण खरेदी कधी करायची ते त्यावरच ठरतं. इरी हे पाची ग्रेट लेक्समधलं सगळ्यात उथळ, सरासरी खोली फक्त १९ मीटर. उथळ पाणी उन्हाळ्यात लवकर तापतं आणि हिवाळ्यात लवकर गोठतं. एकदा वर बर्फाचा थर धरला की वाफ बंद आणि लेक इफेक्टचा, म्हणजे तळ्याच्या वाफेतून पडणाऱ्या बर्फाचा, जोरही कमी. पण नोव्हेंबरात पाण्यात अजून ऊब असते आणि वरून कॅनडातली पहिली कडक थंडी उतरते. पाणी आणि दीड किलोमीटर उंचीवरची हवा यांच्यात साधारण १३ डिग्री सेल्सिअसचा फरक पडला की वाफ वर चढून ढग धरायला लागतो. आणि हे तळं पडलंय पण असं की जवळजवळ ३९० किलोमीटर लांब, नैऋत्येकडून ईशान्येकडं, त्यामुळं नैऋत्येचा वारा सुटला की आख्ख्या लांबीवरून वाफ गोळा करत येतो आणि बफेलोच्या टोकाला आणून टाकतो. माझे आई-बाबा २०२२ च्या नोव्हेंबरात आमच्याकडं आले होते, बाबांनी लांबून ती ढगांची पांढरी-काळी भिंत बघितली आणि म्हणाले, अगं हा तर पसरणीच्या घाटावर चढतो तसा ढग आहे.

तर २०२२. मशीन घरी येऊन तीन आठवडे पण झाले नव्हते. १७ नोव्हेंबरला गुरुवारी संध्याकाळी सुरू झालं. रात्री मध्येच लख्खकन उजेड पडला आणि गडगडलं, बर्फ पडताना वीज चमकते हे आईला पटेना, ती सारखी पडदा सारून बघत होती. मी रात्री साडेदहाला एकदा ड्राइव्हवे काढला, तेव्हा असेल दहा-अकरा इंच. सकाळी सहाला गॅरेजचं शटर वर केलं तर समोर दाराच्या नक्षीचा ठसा उमटलेली बर्फाची भिंत, माझ्या छातीपर्यंत. त्या चार दिवसांत शेजारच्या हॅम्बर्गला ८१.२ इंच आणि आमच्या ऑर्चर्ड पार्कला ८० इंच पडला. म्हणजे साडेसहा फुटांच्या वर. रविवारची बिल्सची, म्हणजे इथल्या अमेरिकन फुटबॉल टीमची, मॅच इथल्या स्टेडियमवरून उचलून थेट डेट्रॉइटला नेली, आणि खेळाडूंना विमानतळाकडं निघता यावं म्हणून त्यांचे शेजारी फावडी आणि स्नोब्लोअर घेऊन त्यांचे ड्राइव्हवे उपसायला गेले, ते व्हिडिओ तुम्ही पण बघितले असतील.

ड्राइव्हवे साफ करायला आम्ही एका लोकल सर्व्हिसला सीझनचे पैसे आधीच भरले होते, नाव नाही लिहीत. शुक्रवारी कुणी आलं नाही, शनिवारी नाही, फोन उचलला नाही. रस्त्यावर गाड्यांना बंदी होती हे मला मान्य आहे, आणि पिकअपला लावलेला प्लाऊ चार फूट बर्फ ढकलूच शकत नाही हेही नंतर कळलं, पण मग एक मेसेज तरी करायचा ना, घरात म्हातारी माणसं आहेत हे त्यांना माहीत होतं. नवीन लोकांनी हे लक्षात ठेवा की प्लाऊचा कॉन्ट्रॅक्ट हा रोजच्या चार-सहा इंचांसाठी असतो. ज्या दिवशी खरी गरज पडते त्या दिवशी रस्ता बंद असतो आणि तुमच्याकडं गॅरेजमध्ये जे असेल तेच तुमचं.

आता मशीन कसं चाललं ते. शुक्रवारी सकाळी इलेक्ट्रिक स्टार्टची वायर भिंतीच्या प्लगला लावली, चोक पूर्ण, प्रायमर तीनदा दाबला, बटण दाबलं, दुसऱ्या झटक्यात चालू. गॅरेजचं दार पूर्ण उघडं ठेवूनच चालू करायचं आणि लगेच बाहेर काढायचं, आत धूर कोंडला तर कार्बन मोनॉक्साइडने माणूस जातो, आणि त्या दिवशी बाहेर काढायला जागाच नव्हती म्हणून आधी मी आणि नवऱ्याने फावड्याने दारासमोर मशीन उभं राहील एवढा चौकोन करून घेतला. तोंड २१ इंच उंच आणि बर्फ चार फूट, मग सरळ घुसवून चालत नाही, वरचा बर्फ मशीनच्या डोक्यावर कोसळतो. वरचा थर फावड्याने पुढं ओढून पाडायचा, मग मशीनने खायचा, पुन्हा पाडायचा. नवरा पाडत होता, मी चालवत होते. अर्ध्या रुंदीचाच घास घ्यायचा, गिअर पहिला, थ्रॉटल, म्हणजे इंजिनचा वेग, मात्र कायम फुल्ल. पहिल्यांदा वापरणारे इथंच चुकतात. बर्फ जड आहे म्हणून थ्रॉटल कमी करतात, पंखा मंद होतो आणि चूट तुंबते.

आणि तुंबतेच. नोव्हेंबरचा बर्फ म्हणजे मोदकाची उकड असते बघा, हाताला चिकटणारी, दाबली की गोळा होणारी, तसा. इंजिनचा आवाज आधी जड होतो, चूटमधून येणारी धार आखूड होते, फूटभरच पडायला लागते, मग नुसता पाण्याचा फवारा, मग काहीच नाही. पहिल्या तासात तीन वेळा तुंबली. प्रत्येक वेळी मशीन बंद करून, किल्ली काढून, सोबत आलेल्या प्लॅस्टिकच्या दांड्याने आतला गोळा फोडायचा. हात घालायचा नाही. हे मी ठळक लिहिते आहे असं समजा, इंजिन बंद असलं तरी घालायचा नाही, कारण गोळ्यामुळं अडकलेल्या पंख्यात ताण राहिलेला असतो आणि गोळा सुटला की तो पंखा गर्रकन फिरतो, दर हिवाळ्यात माणसांची बोटं अशीच जातात. दुपारी आजोबांनी पलीकडून ओरडून सांगितलं की चूटला आतून स्वयंपाकाचा तेलाचा स्प्रे मार. पॅनवर मारतो तोच. मारला, आणि त्यानंतर दिवसभरात एकदाच तुंबली. आता दर वेळी सुरू करायच्या आधी मारते, सिलिकॉनचा स्प्रे मिळतो तो जास्त टिकतो, पण घरात तेलाचा असतोच.

ड्राइव्हवेच्या तोंडाशी सरकारी प्लाऊ जो ढीग लावून जातो ना, तिथं टू-स्टेजची खरी किंमत कळते. तो बर्फ राहिलेला नसतो, बर्फ, मीठ, चिखल, पाला सगळं दाबून तयार झालेली वीट असते. आमचं जुनं इलेक्ट्रिक मशीन त्याला नुसतं धडका देऊन मागं यायचं. हा ऑगर त्याला रसवंतीच्या चरकात ऊस जावा तसा घास घास करून ओढून घेतो. वेळ लागतो, शनिवारी मला फक्त त्या ढिगाला पाऊण तास लागला, पण कंबर सरळ राहिली. बाबा त्या दिवशी दोनदा फावडं घेऊन बाहेर आले आणि दोन्ही वेळा मी त्यांना आत पाठवलं. त्या वादळात बर्फ उपसताना हार्ट अटॅक येऊन माणसं गेली, हे तेव्हा बातम्यांत सांगत होते. पन्नाशीच्या पुढचं कुणी घरात असेल तर अकराशे डॉलरचा हिशोब या बाजूने पण करा. बाबा मग दारात उभं राहून बघत राहिले, म्हणाले हे तर पॉवर टिलरच आहे की, आणि खरंच हँडल तसंच आहे, एका हाताने दाबलं की चाकं, दुसऱ्याने दाबलं की ऑगर, सोडलं की बंद. रविवारी बर्फ थांबल्यावर त्यांनी मोकळ्या भागात दोन फेऱ्या मारल्या, एकदम सरळ रेषेत.

वाऱ्याबद्दल. सोसाट्याचे झोत असतात तेव्हा चूट वाऱ्याकडं केली की फेकलेला सगळा बर्फ परत तोंडावर. म्हणून आधी वाऱ्याची दिशा बघून कुठून कुठं जायचं ते ठरवायचं, आणि झोताची दिशा बदलली की लगेच चूट फिरवायची. स्कीइंगचा गॉगल घ्या, साधा चष्मा उपयोगी नाही, दोन मिनिटांत आंधळा होतो. इथंच माझी पहिली तक्रार, आमच्या मॉडेलला चूट फिरवायला एक लांब दांडी आहे, ती केबलवर चालते आणि केबलमध्ये पाणी जाऊन गोठलं की दांडी हलत नाही. त्या शुक्रवारी दुपारनंतर मी प्रत्येक वळणावर पुढं जाऊन चूट हाताने फिरवत होते, अर्थात मशीन बंद करून. आता सीझनच्या आधी केबलला ग्रीस भरते तर बरं चालतं, पण कंपनीने हे आधीच नीट करायला हवं होतं. दुसरी तक्रार वळवण्याची. शंभर किलोचं धूड, हँडलवर वळायचे ट्रिगर नाहीत, प्रत्येक फेरीला दोन्ही खांद्यांनी ओढून फिरवावं लागतं. ट्रिगरवालं मॉडेल दोनशे डॉलरने महाग होतं म्हणून घेतलं नाही, आज घेतलं असतं. तुमची उंची कमी असेल किंवा खांदा दुखत असेल तर तिथं पैसे वाचवू नका.

दुकानाने जोडून दिलं त्यात तोंडाच्या दोन्ही बाजूंना खाली जमिनीवर घसरणाऱ्या पट्ट्या असतात ते दोन स्किड शू वरखाली लागले होते त्यामुळं मशीन सारखं डावीकडं खेचत होतं, मला वाटलं चाकात हवा कमी आहे. नंतर सपाट जागी तोंडाखाली जाड पुठ्ठा सरकवून, दोन्हीकडचे नट ढिले करून शू जमिनीला टेकवले आणि आवळले, पाच मिनिटांचं काम. नवीन मशीन आल्या आल्या हे बघाच. आणि नोव्हेंबरात जमीन गोठलेली नसते हे विसरू नका, ड्राइव्हवेच्या कडेला चाक किंवा ऑगर लॉनवर गेला की गवताची गादीच्या गादी उचलून शेजाऱ्याच्या अंगणात जाते, आमची गेली. त्यासाठी ऑक्टोबरमध्ये कडेला त्या नारिंगी काठ्या ठोकून ठेवायच्या, जमीन मऊ असताना. गोठल्यावर हातोडीने पण जात नाहीत.

शिअर पिना. ऑगरच्या दांड्याला मुद्दाम मऊ धातूच्या पिना असतात, दगड किंवा गोठलेली वर्तमानपत्राची गुंडाळी आली की पिन तुटते आणि गिअरबॉक्स वाचतो. माझी शनिवारी संध्याकाळी तुटली, डावीकडचा ऑगर नुसताच लोंबकळायला लागला. मशीनसोबत दोन जादा आल्या होत्या म्हणून वाचले, ठोकून जुना तुकडा काढला, नवी घातली, दहा मिनिटांत परत चालू. वादळात दुकानं बंद असतात, या पिना घरात हव्यातच, आणि त्याच मॉडेलच्या. हार्डवेअरच्या दुकानातला साधा बोल्ट घालायचा नाही, तो तुटत नाही आणि मग गिअरबॉक्स तुटतो.

एक गोष्ट मशीनची नाही पण मशीनमुळं होते. आमच्या घर गरम करणाऱ्या फर्नेसचे पांढरे पाइप घराच्या बाजूच्या भिंतीतून बाहेर येतात, जमिनीपासून दीड-दोन फुटांवर. मी पहिल्या रात्री चूट त्याच बाजूला करून काढत होते. मध्यरात्री फर्नेस बंद पडला, नवऱ्याने जाऊन बघितलं तर पाइप पूर्ण गाडलेले, त्यात अर्धा बर्फ मीच फेकलेला. फर्नेस स्वतःहून बंद झाला ते बरं, नाहीतर धूर घरात येतो. तेव्हा त्या भिंतीकडं चूट कधीही करायची नाही, पाइपभोवती आधी हाताने मोकळं करायचं, आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म चालू आहे ना ते सीझनच्या आधी बघायचं. रस्त्यावर पण बर्फ फेकू नका, बेकायदेशीर आहे आणि प्लाऊ तोच बर्फ परत तुमच्या दारात आणतो.

या मशीनला मर्यादा पण आहे. त्याच वर्षी नाताळात जे ब्लिझर्ड आलं, एअरपोर्टवर ५१.९ इंच आणि सलग ३७ तास काही दिसेना असा वारा, त्यात मी मशीनला हात लावला नाही. इरी काउंटीत ४७ माणसं गेली त्यात, काही गाडीत अडकून, काही घराबाहेर. तशा वाऱ्यात बाहेर पडायचंच नसतं, मशीन कितीही चांगलं असो. वारा पडल्यावर दोन दिवसांनी काढलं, तेव्हा बर्फ कोरडा आणि वाऱ्याने ठोकून घट्ट बसलेला, तरी नोव्हेंबरच्या मानाने सोपा गेला, चूट एकदाही तुंबली नाही.

देखभाल फार नाही. मार्च-एप्रिलमध्ये टाकीतलं पेट्रोल संपेपर्यंत चालवायचं, इथल्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं ते पडून राहिलं की कार्बुरेटर चिकटतो. दुसऱ्या वर्षी मी हे केलं नाही आणि मेकॅनिकला नव्वद डॉलर दिले. आता स्टॅबिलायझर टाकूनच डबा भरते. ऑइल वर्षातून एकदा.

कुणी घेऊ नये: टाउनहाउसमध्ये राहणारे, एका गाडीपुरता ड्राइव्हवे असलेले, आणि बफेलोच्या उत्तरेला राहणारे ज्यांच्याकडं पट्टा क्वचितच जातो, त्यांना चांगलं सिंगल-स्टेज पुरेल. हॅम्बर्ग, ऑर्चर्ड पार्क, वेस्ट सेनेका, लँकेस्टर, इकडं घर घेत असाल तर टू-स्टेजच, आणि ऑक्टोबरमध्येच, कारण फोरकास्ट आला की दोन दिवसांत दुकानात फक्त रिकाम्या पॅलेट उरतात.

पाचपैकी साडेचार. अर्धा त्या गोठणाऱ्या केबलचा कापला. या वर्षीचं ऑइल बदलून झालंय, केबलला ग्रीस भरलंय, सहा पिना शटरच्या बाजूला खिळ्याला पिशवीत टांगल्यात, आणि मशीन दाराशी तोंड बाहेर करून उभं आहे.